गाईचे पुढचे पाय, गाईचे मागचे पाय

आम्ही नवरा-बायको 2025 च्या जानेवारीत पाच प्रयोग एकाच गाईच्या पोटात होतो. घरधनीण पुढचे पाय आणि घरधनी मागचे पाय. वाचकांनी खुशाल हसावे, कारण ती गाय हसण्यासाठीच होती. पण त्या गाईपायी आमच्या घरात काही दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हते, तेही सांगितले पाहिजे. म्हणून हा लेख.

आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचे. पुढे विक्रोळीला भाड्याच्या खोलीत राहिलो. 2023 साली घरधनीणीला इंग्लंडमध्ये केअर होमचे काम मिळाले. म्हाताऱ्या माणसांना उठवणे, आंघोळ घालणे, भरवणे, औषधे देणे असे ते काम. नियमाप्रमाणे तेव्हा कुटुंबाला बरोबर आणता येत होते, म्हणून आम्ही तिघे आलो. घरधनी गोदामात खोकी भरतो. लेक तिथल्या शाळेत जाते. गाव लहान आहे. थंडीत चार वाजता अंधार पडतो आणि मग घराबाहेर कुणी दिसत नाही. पहिले वर्ष आम्ही ड्युटी आणि बिछाना एवढेच पाहिले. शेजारी कोण राहते हेही माहीत नव्हते.

लेकीने शाळेतून एक कागद आणला. गावातल्या हौशी नाटक मंडळींना जानेवारीतल्या 'पॅन्टोमाईम'साठी मुले हवी होती. खेळ होता 'जॅक अँड द बीनस्टॉक', म्हणजे वाटाण्या-घेवड्याच्या वेलावरून आभाळात चढणाऱ्या पोराची गोष्ट. लेक हट्टाला पेटली. आम्ही तिला सोडायला गेलो, तर तिथल्या दिग्दर्शिका बाईंनी आम्हा दोघांकडे खालून वर पाहिले आणि विचारले, "तुम्ही दोघे न भांडता एका चालीने चालू शकाल का? आमच्याकडे गाय आहे, पण गाईला पाय नाहीत."

पॅन्टोमाईम म्हटले की आपल्याला मुक्याने केलेला अभिनय आठवतो. इंग्लंडात अगदी उलटे आहे. तिथे पॅन्टो म्हणजे नुसता गलका. नाताळाच्या सुमारास आजोबा-आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळे घर मिळून हा खेळ बघायला जाते. गोष्ट ठरलेली असते. सिंड्रेला, अल्लादीन, डिक व्हिटिंग्टन, नाहीतर आमचा जॅक. अठराव्या शतकात इटलीकडच्या सोंगांच्या खेळांतून हा प्रकार लंडनच्या रंगभूमीवर रुजला. 1806 साली कॉव्हेंट गार्डनच्या नाट्यगृहात 'मदर गूज'च्या खेळात जोसेफ ग्रिमाल्डी या विदूषकाने लोकांना वेड लावले. 1888 पासून ड्ररी लेनच्या नाट्यगृहात डॅन लेनो हा गरिबाघरचा नट वर्षानुवर्षे पॅन्टोत गाजला. त्याने रंगवलेली फाटक्या तोंडाची, कर्जात बुडालेली विधवा लोकांना आपल्या गल्लीतली वाटे. आजही जॅकची आई पुरुषच होतो. तिला 'डेम' म्हणतात. आणि जॅकचे काम रिवाजाप्रमाणे तरुण मुलगी करते.

हे ऐकून आम्हाला नवल वाटायला हवे होते, पण वाटले नाही. कारण तमाशातली मावशी आम्ही पाहिलेली आहे. गवळणींबरोबर मथुरेच्या बाजाराला निघालेली मावशी पुरुषच असतो आणि तो पुरुष आहे हे सगळ्यांना दिसत असते. बालगंधर्वांना बघून बायका लुगडे नेसायला शिकत असत म्हणतात, तो प्रकार वेगळा. मावशी आणि डेम यांना बाईसारखे दिसायचे नसते. त्यांना हसवायचे असते. सोंगाड्या जसा समोरच्या माणसांना बोलते करतो, तसेच इथेही आहे. दुष्ट माणूस पाठीमागून येतो आणि पोरे ओरडतात, "मागे बघ, मागे!" नट मुद्दाम दुसरीकडे बघतो. पोरे आणखी ओरडतात. दुष्ट माणूस नेहमी प्रेक्षकांच्या उजव्या हाताकडून रंगमंचावर येतो आणि चांगली परी डाव्या हाताकडून. तो आला की सगळ्यांनी हुर्यो करायची. आणखी एक गंमत म्हणजे खेळाच्या शेवटच्या दोन ओळी तालमीत कुणी म्हणत नाही. त्या पहिल्या प्रयोगालाच म्हणायच्या, नाहीतर अपशकुन होतो अशी समजूत आहे. शकुन-अपशकुन आम्ही मानत नाही, पण त्या दोन ओळी आमच्या वाट्याच्या नव्हत्याच. गाय काय बोलणार?

तालमी सप्टेंबरात सुरू झाल्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी, गावच्या हॉलमध्ये. हॉल एवढा गार की पहिला अर्धा तास कोट अंगावरच असे. मंडळींत नळदुरुस्ती करणारा होता, तो डेम झाला होता. बँकेत साहेब असलेले गृहस्थ राक्षसाचा कारभारी होते. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या बाई दिग्दर्शिका. कुणालाच पैसे मिळत नव्हते. मुलांना रंगमंचावर आणायचे तर तिथे कौन्सिलचे नियम असतात. मुलांवर लक्ष ठेवायला नोंदवलेली माणसे ठेवावी लागतात आणि वेळेच्या आत पोरांना घरी सोडावे लागते. ही शिस्त आम्हाला आवडली.

आमच्या गाईचे नाव डेझी. पॅन्टोतल्या गाईला बहुतेक वेळा हेच नाव असते. वेताचे कडे, फोम आणि जुन्या ब्लँकेटची कातडी. पुढच्या माणसाने डोके गाईच्या डोक्यात घालायचे आणि नाकपुडीच्या जाळीतून बघायचे. आत एक दोरी असते, ती ओढली की पापण्या मिटतात. मागच्या माणसाने वाकून पुढच्याची कंबर धरायची. त्याला काहीच दिसत नाही. दोनच मिनिटांत घाम फुटतो आणि दहा मिनिटांत पाठ धरते. पहिल्या दिवशी पुढचे पाय उजवीकडे वळले, मागचे डावीकडे गेले आणि गाय मधोमध उसवली. सगळा हॉल हसला. आम्हीही आतल्या आत हसलो. परमुलखात येऊन दीड वर्ष झाले होते आणि एवढे मोकळे आम्ही प्रथमच हसलो असू.

नोव्हेंबरात आबा आले. दोन वर्षे पैसे साठवून आम्ही त्यांचे तिकीट काढले होते. पाहुण्याला तिथे एका वेळी सहा महिनेच राहता येते. आबांचे वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची एकच इच्छा होती, लंडनमध्ये बाबासाहेब शिकत असताना ज्या घरात राहिले ते घर बघायचे. आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी आम्ही त्यांना किंग हेन्रीज रोडवर घेऊन गेलो. 10 नंबरचे ते घर महाराष्ट्र सरकारने 2015 साली विकत घेतले. आबा तिथल्या जिन्याला हात लावून बराच वेळ उभे राहिले. घरी येईपर्यंत रेल्वेत एक शब्द बोलले नाहीत.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आमच्या बैठकीच्या खुर्चीवर गाय दिसली. शेपटीची शिलाई उसवली होती म्हणून आम्ही ती घरी आणली होती.

"ह्ये काय हाय?"

आम्ही हसत हसत सांगितले. आबा हसले नाहीत.

"म्हंजे तुम्ही दोघं ढोराच्या कातड्यात शिरनार? लोकांनी हसावं म्हनून?"

त्यांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि ते आत जाऊन बसले. त्या दिवशी जेवले नाहीत. रात्री लेक झोपल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवले आणि जे सांगितले, ते आम्ही तुटक तुटक लहानपणापासून ऐकत आलो होतो. सलग असे त्या रात्रीच ऐकले.

आबांच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या आज्यांनी, उमेदीची वर्षे गावची मेलेली ढोरे ओढली. कुणाच्या गोठ्यात जनावर मेले की निरोप येई. हातातला घास टाकून उठावे लागे. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला मृत मांस सोडा म्हणून सांगितले होते, ते माणच्या त्या वस्तीपर्यंत पोचायला वेळ लागला. 1956 साली नागपूरला दीक्षा झाली आणि त्यानंतर वस्तीने एकमुखाने ठरवले की आता ढोर ओढायचे नाही. पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या एका मोठ्या घरचा बैल मेला. गडी बोलवायला आला. आज्यांनी दारातूनच सांगितले, "आम्ही येनार न्हाय." बैल चार दिवस पडून राहिला. मग गावाने गिरणी बंद केली, दुकान बंद केले, रानातले काम बंद केले. आबा तेव्हा दहा वर्षांचे होते. डोक्यावर जोंधळ्याचे गाठोडे घेऊन ते आईबरोबर दुसऱ्या गावच्या गिरणीला चालत जात. 1958 च्या कायद्याने खालच्या वतनांची बेडी कागदावर तुटली. आज्यांनी ती त्याआधीच आपल्या हाताने काढून फेकली होती.

"चार महिनं उपाशी ऱ्हायलो रं," आबा म्हणाले, "पन बापानं पुन्ना कातड्याला हात लावला न्हाय. आन् तुम्ही साता समुद्रापल्याड येऊन गोऱ्या लोकांपुढं त्येच पांघरनार?"

आम्हाला उत्तर सुचले नाही.

त्या रात्री आम्ही दोघे उशिरापर्यंत जागे होतो. आबांचे खरे आहे असे वाटत होते आणि पूर्ण खरे नाही असेही वाटत होते. आम्ही आपसांत एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. आम्हाला गाय का दिली? आम्ही काळे, परके, नवे म्हणून दिली का? नायक नाही, राजा नाही, गायच का? खरे सांगायचे तर हा प्रश्न आबा येण्याआधी आम्हाला पडायला हवा होता. आमची लेक गाणाऱ्या पोरांत सगळ्यांत पुढे होती, हे एक. आम्ही ड्युटीमुळे निम्म्या तालमी चुकवणार आणि आमचे इंग्रजी अडखळते, म्हणून न बोलणारे काम, हे दुसरे. पण मनाची खात्री होईना. सरळ विचारून टाकायचे आम्ही ठरवले.

पुढच्या तालमीला दिग्दर्शिका बाईंना विचारले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी भिंतीवर लावलेले मागच्या खेळांचे फोटो दाखवले. मागच्या वेळच्या खेळात जनावराचे मागचे पाय होते शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्याच्या आधी स्वतः बाई. मग त्यांनी दाराजवळचा तक्ता दाखवला. हॉल झाडणे, चहाची भांडी धुणे, संडास साफ करणे यांच्या पाळ्या त्यावर लिहिल्या होत्या. बँकेच्या साहेबांचे नाव त्या आठवड्यात संडासापुढे होते आणि आमचे चहापुढे. तो तक्ता आम्ही दोन महिने रोज बघत होतो. वाचला मात्र त्या दिवशी.

आम्ही घरी येऊन आबांना म्हटले, "आबा, एकदा येऊन बघा. बघून नको म्हणालात तर सोडतो. लेकीला आम्ही समजावू."

आबा आले. कानटोपी, मफलर, आमचा जुना कोट. मागच्या खुर्चीवर बसले. कुणीतरी त्यांना चहा आणून दिला. बँकेचे साहेब बादली आणि ब्रश घेऊन संडासाकडे गेले. ते कोण आहेत हे लेकीने आबांच्या कानात सांगितले. आबांची मान त्या दिशेने वळली आणि बराच वेळ तिकडेच राहिली.

मग गाईचा प्रवेश सुरू झाला. आम्ही चार पावले टाकली असतील, मागून आवाज आला, "थांबा!"

सगळे थांबले. आबा उठून पुढे आले. "गाय अशी चालती व्हय? ही तर पोलिसांची परेड झाली."

गावाने वाळीत टाकल्यानंतरच्या वर्षांत आबा शेजारच्या गावात जनावरे राखायला होते. आमची चूक त्यांनी एका नजरेत पकडली. आम्ही दोघे एकदम डावा, एकदम उजवा असे पाय टाकत होतो. गाय तशी चालत नाही. तिचा आधी मागचा डावा पाय उचलतो, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा. एका वेळी एक पाय, आणि मागचा पाय पुढच्याच्या ठशाजवळ पडतो. म्हणून तिची चाल डुलती दिसते. आबा टाळ्या वाजवत मोजू लागले, एक, दोन, तीन, चार. लेक इंग्रजीत सांगत होती. दिग्दर्शिका बाई वहीत लिहून घेत होत्या. "आन् उभी ऱ्हायली की मान खाली न्हाय घालायची. चरताना खाली. मानूस आला की वर बघती. तिला वळख असती." अर्ध्या तासात आमची डेझी खरी गाय झाली. मागच्या पायांना काही दिसत नव्हते, पण पुढच्या पायांच्या हुंकारावर चाल जमू लागली.

मात्र त्या साऱ्या वेळात आबांनी कातडीला हात लावला नाही. काठीने दाखवत होते. आम्ही ते पाहिले आणि काही बोललो नाही. घरी जाताना त्यांनी खेळ करा असेही म्हटले नाही आणि नको असेही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फक्त विचारले, "पुढची तालीम कवा हाय?"

जानेवारीच्या शेवटी पाच प्रयोग झाले. आबा पाचही प्रयोगांना दुसऱ्या रांगेत होते. जॅकच्या घरी खायला काही नाही, घरभाडे थकलेले, म्हणून आई गाय विकायला सांगते आणि पोरगा मूठभर बियांवर गाय देऊन येतो, असा प्रसंग आहे. इतका वेळ दंगा करणारी डेम त्या वेळी गाईच्या गळ्यात हात टाकून गप्प उभी राहते. पुढच्या पायांनी दोरी ओढून पापण्या मिटायच्या, एवढेच आमचे काम. नाकपुडीच्या जाळीतून दुसरी रांग दिसते. आबा मफलरने डोळे पुसत होते. पुढे कधीतरी त्यांनी सांगितले की गिरणी बंद झाली त्या उन्हाळ्यात त्यांच्या आईने घरची एकुलती एक शेळी विकली होती.

शेवटच्या प्रयोगाला राक्षसाचा कारभारी दबक्या पावलांनी गाईच्या मागे आला. सगळी पोरे इंग्रजीत ओरडली. त्या गलक्यात एक म्हातारा आवाज वर आला, "आरं मागं बघा, मागं!" आतमध्ये आम्हा दोघांना एवढे हसू आले की गाय थरथरू लागली. लोकांना वाटले, गाय भ्यायली. टाळ्या पडल्या.

खेळ संपल्यावर त्याच रात्री हॉल मोकळा करायचा असतो. नट, पाहुणे, पोरांचे आईबाप, सगळे लागले. वेलाची दोरी, राक्षसाचे बूट, पडदे, सगळे बाहेरच्या गाडीत न्यायचे होते. डेझी कोपऱ्यात घडी करून ठेवली होती. आम्ही घामाने निथळत पाणी पीत होतो. आबा उठले, घडीजवळ गेले आणि क्षणभर थांबले. आम्हाला वाटले, आता काठीने बाजूला सारतील. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, घडी दोन्ही हातांनी उचलून खांद्यावर घेतली आणि बाहेरच्या गाडीत नेऊन ठेवली.

रस्त्याने चालत घरी येताना आम्ही विचारले, "आबा, तुम्ही कशाला उचललीत? आम्ही होतो की."

"कुनी सांगितलं न्हाय," आबा म्हणाले. "म्हनून उचलली."

आबा एप्रिलमध्ये गावी परतले. चौदा एप्रिल गावातच करायचा, हा त्यांचा हट्ट. जाण्याआधी त्यांनी बसल्या बसल्या एक सांगितले. त्यांच्या तरुणपणी वस्तीवर जलसा होता. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा बाज घेऊन त्यात बाबासाहेबांचा विचार भरला, भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी गावोगाव माणसे जागी केली, हे आम्ही वाचले आहे. वस्तीवरच्या जलशात आबा सावकार होत असत आणि लोक त्यांची हुर्यो करत, हे मात्र त्यांनी आम्हाला कधी सांगितले नव्हते. आम्ही कधी विचारलेच नव्हते.

वाचक बंधू-भगिनींना सांगायचे ते एवढेच. आपण मुलांच्या शाळेची फी भरतो, क्लास लावतो, ते करावेच. पण वर्षातून एकदा घरातली तीन पिढ्यांची माणसे एका खेळात गुंततील असेही काही करावे. त्याला इंग्लंडला जावे लागत नाही. वस्तीतले समाजमंदिर आणि एक पडदा पुरे. पाळीचा तक्ता मात्र दाराजवळ लावावा, आणि त्यात अध्यक्षांचे नावही असावे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नुसते पहिल्या खुर्चीवर हार घालून बसवू नये. त्यांना विचारावे, तुम्ही कशात काम केले होते? गाय कशी चालते? पुष्कळ गोष्टी त्यांनाच ठाऊक असतात, आणि विचारल्याशिवाय ती सांगत नाहीत.

पुढच्या खेळात घोडा आहे म्हणे. घरधनी म्हणतो, या वेळी पुढचे पाय माझे. घरधनीण अजून हो म्हणालेली नाही.